सीबी रेडिओ: मला सगळे ऐकू येतात, माझं कोणालाच जात नाही

डोंगरवाट

राम राम मंडळी. हा धागा 'वाहने'मध्ये शोभतो की 'तंत्र'मध्ये ते ॲडमिननी ठरवावं.

मुक्काम डेन्व्हर, कोलोरॅडो. जुनी जीप रँग्लर आहे, 2012 ची, आधी बरीच वर्षं मिशिगनमध्ये चाललेली. आधीच्या मालकाने सीबी (सिटिझन्स बँड, म्हणजे गाडी-गाडीत आपसांत बोलायचा) रेडिओ बसवून ठेवला होता. आमच्या ऑफरोड ग्रुपमधली निम्मी मंडळी साठी उलटलेली आणि त्यांचा सीबीवर भारी जीव, त्यामुळे ताफ्यात जायचं तर सीबी हवाच. लेक सिटी, सिल्व्हर्टन, उरे या बाजूच्या खिंडींत मोबाइल म्हणजे नुसता कॅमेरा. समोरून गाडी येतेय, पुढे दगड आलेत, अमक्याचं चाक अडकलंय, हे सगळं रेडिओवरच कळतं.

प्रॉब्लेम असा: मला सगळ्यांचं स्वच्छ ऐकू येतं. मी बोललो की लगतच्या दोन-तीन गाड्या सोडल्या तर कोणी दाद देत नाही. सपाट रस्त्यावरही अर्धा मैल अंतर पडलं की पुढचा म्हणतो, कोणीतरी बटण दाबतंय एवढं कळतं, शब्द कळत नाहीत. बाकीच्यांचं आपसांत तीन-चार मैल सहज चालतं.

रेडिओ साधा, 40 चॅनेल, एएम, 4 वॅट. अँटेना 4 फुटी फायबरग्लास, मागच्या दारावर स्टेपनीशेजारी लोखंडी पट्टीवर बसवलेली. केबल 18 फुटी. एसडब्ल्यूआर मीटर आणून मोजलं (पाठवलेल्या पॉवरपैकी किती परत फिरते ते हा आकडा सांगतो, 1 च्या जितका जवळ तितकं चांगलं): चॅनेल 1 वर 1.3, 19 वर 1.3, 40 वर 1.4. म्हणजे मीटरच्या मते सगळं झकास!

आता नवा रेडिओ घ्यावा, की लोक पॉवर वाढवायला तो बूस्टर लावतात तो लावावा?

चहाटळ

सीबी अजून जिवंत आहे? पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

रानोमाळ

सीबीचा नाद सोडा आणि जीएमआरएस (अमेरिकेतली लायसन्सवाली दुसरी रेडिओ सेवा) घ्या. लायसन्स 35 डॉलर, 10 वर्षांचं, परीक्षा नाही, एका लायसन्सवर अख्खं कुटुंब बोलू शकतं. एफएम असल्याने आवाज स्वच्छ, गाडीतल्या सेटला 50 वॅटपर्यंत परवानगी, अँटेना वीतभर. बरेच जीप क्लब तिकडे वळलेत.

डोंगरवाट

रानोमाळ, मान्य, पण ग्रुप सीबीवर असताना मी एकटा जीएमआरएस घेऊन कोणाशी बोलू? दोन ज्येष्ठ सदस्यांसमोर विषय काढून बघितला. पुन्हा काढणार नाही.

अठराचाकी

भाऊ, मी मूळचा नागपूरचा, कॅलिफोर्नियात ट्रक चालवतो. सीबी रोजचा आहे आपला. सगळ्यात आधी फुकटातल्या गोष्टी बघून घे.

पॅनेलवर पीए (नुसत्या भोंग्यावर बोलायचं) आणि सीबी असा खटका असतो, तो सीबीवर आहे ना? पीएवर गेला तर आवाज हवेत जातच नाही. तुझं जवळच्यांना ऐकू येतं म्हणजे तो बरोबरच असेल, तरी बघ. मग माइक गेन, म्हणजे माइकचा आवाज कमी-जास्त करायचं बटण. ते बटण कोणाच्या तरी गुडघ्याने फिरून खाली येतं आणि माणूस वर्षभर कुजबुजत राहतो. पूर्ण वर ने. माइक तोंडापासून दोन-तीन बोटांवर धर, थोडा तिरपा, आणि नेहमीच्या आवाजात बोल. एएममध्ये आवाज भरला नाही तर समोरच्याला नुसता कॅरिअर जातो, म्हणजे सुई हलते, शब्द नाही. 'बटण दाबतंय एवढं कळतं' हे जे तू लिहिलं ना, ते ह्याच्यानेही होतं.

करंट कुठून घेतला आहे? सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून असेल तर काढ. फ्यूज टाकून थेट बॅटरीवरून दोन्ही वायर आण. बटण दाबल्यावर रेडिओच्या टोकाला व्होल्टेज किती राहतं ते मोज. इंजिन चालू असताना 13 च्या वर टिकलं पाहिजे.

अन् बूस्टरचं नाव नको काढू. अमेरिकेत सीबीला 4 वॅट एएम, सिंगल साइडबँडला (बोलायची दुसरी पद्धत) 12 वॅट, त्याच्यावर काही नाही. लिनिअर, म्हणजे हाच बूस्टर, लावणं बेकायदा आहे. ट्रक स्टॉपवर विकणारे विकतात, ते सोड. खराब अँटेनावर लिनिअर लावला की त्याचे ट्रान्झिस्टर जातात, हे मात्र डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

डोंगरवाट

अठराचाकी, मनापासून आभार. खटका सीबीवरच आहे. माइक गेन अर्ध्याच्याही खाली होता! वर नेला. करंट थेट बॅटरीवरून, बटण दाबून 13.6. ग्रुपमधल्या एकाला घेऊन मोकळ्या रस्त्यावर तपासलं. आवाज भरदार झाला म्हणतो, पण अंतर जेमतेम वाढलं. पाऊण मैलाला पुन्हा तेच.

सरळसोट

एसडब्ल्यूआर 1.3 म्हणजे अँटेना निर्दोष. उगाच खोलात जाऊ नका. रेडिओचा फायनल ट्रान्झिस्टर (सिग्नलला शेवटचा जोर देणारा) उतरलाय. नवा सेट घ्या, विषय संपला.

विजूकाका

पुण्याहून लिहितोय. हॅम (हौशी रेडिओ) लायसन्स जुनं आहे, सीबी स्वतः कधी चालवला नाही, पण 27 मेगाहर्ट्झ आणि आमचा 28 चा बँड सख्खे शेजारी, त्यामुळे दुखणी तीच.

डोंगरवाट, रेडिओ घेण्याची घाई करू नका. तुमच्या आकड्यांत मला 1.3 पेक्षा दुसरीच गोष्ट खटकली: ते तीनही आकडे जवळजवळ सारखे आहेत. या बँडची तरंगलांबी 11 मीटर. पाव लांबीची खरी अँटेना म्हणजे पावणेतीन मीटर, तुमच्याकडे मिळते ती 102 इंची चाबकासारखी लवचिक काठी. तुमची 4 फुटी म्हणजे फायबरच्या काठीवर तार गुंडाळून बुटकी केलेली. अशी अँटेना एका चॅनेलवर खूश असते आणि दोन्ही कडांना नाराज. चॅनेल 1 म्हणजे 26.965 आणि 40 म्हणजे 27.405. एवढ्या पट्ट्यात बुटक्या अँटेनाचा एसडब्ल्यूआर मधे उतरून कडेला चढलेला दिसायला हवा. तुमचा सपाट आहे. कुठेतरी पाणी मुरतंय.

पण आधी अर्थिंग. गाडीवरची अँटेना म्हणजे निम्मीच अँटेना. उरलेली निम्मी म्हणजे गाडीचं पत्र्याचं अंग. तुमची पट्टी मागच्या दारावर, दार बिजागऱ्यांवर, बिजागऱ्यांत रंग आणि ग्रीस. असली पट्टी बहुधा पावडर कोटिंग केलेली असते आणि पावडर कोटिंगमधून वीज जात नाही.

मल्टिमीटरने पट्टी ते बॅटरीचं निगेटिव्ह मोजा, पण केबल दोन्हीकडून सोडवून. नाहीतर केबलची जाळी (मधल्या तारेभोवतीचं विणलेलं तांबं) रेडिओच्या पत्र्यातून बॉडीला जोडलेलीच असते, मीटर आनंदाने शून्य दाखवतं आणि माणूस फसतो.

सरळसोट

काका, आदर आहे, पण एसडब्ल्यूआर कमी म्हणजे पॉवर परत येत नाही. परत येत नाही म्हणजे हवेत गेली. साधं गणित आहे.

विजूकाका

परत येत नाही, इथपर्यंत बरोबर. हवेतच गेली, हे कोणी सांगितलं? अँटेनाऐवजी 50 ओहमचा डमी लोड, म्हणजे नुसता रेझिस्टर, लावा. एसडब्ल्यूआर 1.0, आणि अंगणापलीकडे आवाज जाणार नाही. सगळी पॉवर त्या रेझिस्टरची उष्णता होते.

डोंगरवाट

मोजलं. केबल सोडवून पट्टी ते बॅटरी निगेटिव्ह: मीटर कधी 40 ओहम, कधी 200, दार हलवलं की काहीच नाही. पट्टी काढली तर खाली काळं कोटिंग जसंच्या तसं. बोल्टच्या आट्यांमधून जो काही संपर्क होत होता तेवढाच.

पट्टीची मागची बाजू आणि दाराचा तेवढा भाग पॉलिश पेपरने घासून धातू उघडा केला, स्टार वॉशर टाकले, कडेने गंजरोधक रंग लावला. दार ते बॉडी अशी चपटी विणलेली तांब्याची पट्टी जोडली. आता 0.3 ओहम, दार उघडा नाहीतर बंद करा.

तपासणी केली. आता एक मैल, फार तर सव्वा. सुधारलं, पण बाकीच्यांच्या जवळपासही नाही. एसडब्ल्यूआर तोच: 1.3, 1.3, 1.3.

अठराचाकी

अर्थिंग बदललं अन् मीटरची सुई हललीही नाही? हे काही बरं नाही भाऊ.

विजूकाका

अगदी. अँटेनाचा निम्मा भाग बदलला आणि मीटरला पत्ताच नाही, म्हणजे मीटरला अँटेना दिसतच नाही. मधे काहीतरी आड येतंय आणि मधे फक्त केबल आहे.

केबल तपासली का?

डोंगरवाट

तपासली काका. मल्टिमीटरवर मधली तार टोकाटोकाला बीप देते, जाळीही देते, एकमेकांत शॉर्ट नाही.

विजूकाका

मल्टिमीटर डीसीवर मोजतो. तार तुटलेली नाही, एवढंच त्याला कळतं. 27 मेगाहर्ट्झवर ती केबल किती पॉवर खाते हे त्याला कळायचं साधन नाही.

दुसरी तपासणी सांगतो. केबल अँटेनाच्या टोकाला सोडा, टोक उघडं ठेवा, आणि रेडिओच्या टोकाकडून एसडब्ल्यूआर बघा. उघड्या टोकाला गेलेली सगळी पॉवर परत यायलाच हवी, म्हणजे चांगल्या 18 फुटी केबलला एसडब्ल्यूआर 20 च्या आसपास किंवा वर, साध्या मीटरची सुई पार टोकाला. पण हे रेडिओचं बटण दाबून करू नका, उघड्या केबलवर सेटला इजा होऊ शकते. नॅनोव्हीएनए नावाचं तळहाताएवढं यंत्र मिळतं, अगदी किरकोळ सिग्नलवर मोजतं. जवळच्या हॅम क्लबमधे कोणाकडे तरी नक्की असेल, प्रेमाने मागा. मोजण्याआधी त्याचं कॅलिब्रेशन करून घ्या, आणि मोजायची रेंज 26.5 ते 28 ठेवा.

चहाटळ

पॉपकॉर्न संपले, दुसरं पाकीट उघडलंय. हे रहस्यकथेपेक्षा भारी आहे.

डोंगरवाट

इथल्या हॅम क्लबमधल्या एका आजोबांनी यंत्र तर दिलंच, वर स्वतः गाडीपाशी येऊन उभे राहिले.

अँटेना लावलेली असताना चॅनेल 19 वर 1.3. अँटेना काढून, केबलचं टोक उघडं ठेवून: 1.8.

आजोबांनी डोकं हलवलं आणि म्हणाले, केबल फेका.

विजूकाका

झालं. बेरीज-वजाबाकी करून दाखवतो, कारण सरळसोट यांना गणित आवडतं.

एसडब्ल्यूआर 1.8 म्हणजे परत आलेला सिग्नल गेलेल्यापेक्षा सुमारे 10.9 डेसिबल (सिग्नलची घट-वाढ मोजायचं माप) खाली. उघड्या टोकाने सगळंच परत पाठवलं होतं, म्हणजे ही घट केबलची, जाताना निम्मी आणि येताना निम्मी. एका दिशेला 5.4 डेसिबल. 4 वॅटमधले अँटेनापर्यंत पोचतात सव्वा वॅटच्याही आत, 1.15. धड आरजी-58 (नेहमीची 50 ओहमची) केबल 18 फुटांत अर्धा डेसिबलही खात नाही.

आता अँटेना लावून 1.3, म्हणजे 17.7 डेसिबल. त्यातून केबलचे 10.9 वजा केले की उरतात 6.8. म्हणजे अँटेनाच्या पायथ्याशी खरा एसडब्ल्यूआर 2.7 च्या घरात आहे. तिथे पुन्हा पाचवा हिस्सा परत फिरतो. सगळं जाऊन हाती राहिला एक वॅटपेक्षाही कमी.

सरकारी निधीसारखं आहे हे. जाताना वाटेत मुरतो, न वापरलेला परत येतानाही मुरतो, आणि वर बसलेल्या ऑडिटरला शिल्लक इतकी कमी दिसते की तो 'निधी पूर्ण खर्ची पडला' असा शेरा मारतो. तुमचं मीटर रेडिओपाशी होतं, म्हणजे ऑडिटर वरच बसलेला.

सरळसोट

हे पटलं. मीटर अँटेनाच्या टोकाला लावलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. पण ते कोणीच करत नाही, कारण तिथे पोचायला स्टूल लागतं.

केतकी_पिवळी

मी सगळं वाचतेय, एक शंका. केबल दोन्ही दिशांनी सारखीच खाते ना? मग यांना बाकीच्यांचं इतकं स्वच्छ कसं ऐकू येत होतं? ऐकणंही तितकंच बिघडायला हवं.

विजूकाका

प्रश्न मार्मिक आहे, आणि भले भले 'ऐकू येतं म्हणजे अँटेना ठीक' म्हणत फसतात ते इथेच.

27 मेगाहर्ट्झवर अँटेनात सिग्नलसोबत भरपूर गोंगाटही शिरतो: विजांचा, इंजिनांच्या ठिणग्यांचा, एलईडी दिव्यांचा, आकाशातला. खराब केबल सिग्नल 5 डेसिबलने कमी करते, तसा गोंगाटही 5 डेसिबलनेच. दोघांमधलं अंतर तेवढंच राहतं. रेडिओतली स्वयंचलित आवाज-व्यवस्था एकूण पातळी वर उचलून घेते आणि कानाला काही फरक पडत नाही. फार तर एस-मीटर (सिग्नलची ताकद दाखवणारी सुई) एक घर खाली दिसेल.

बोलताना मात्र तुमचा सिग्नल 5 डेसिबलने उतरतो आणि समोरच्याच्या अँटेनातला गोंगाट आहे तिथेच राहतो. तुमचा आवाज त्यात बुडतो.

केतकी_पिवळी

अच्छा! म्हणजे फक्त 'टीएक्स (ट्रान्समिट) कमजोर' दिसलं की लोक रेडिओ दुरुस्तीला देत असणार, आणि तो तिथे ठणठणीत निघत असणार.

अठराचाकी

हाव ताई. दुकानदार 'पीक अँड ट्यून' करून देतो, पैसे घेतो, अन् गाडीत बसवलं की परत तेच रडगाणं. माझ्या डोळ्यांसमोरचं आहे.

पण भाऊ, नवी केबल घेशील ती 18 फुटीच घे. 15 किंवा 20 चालत नाही, सगळे जुने ड्रायव्हर हेच सांगतात.

विजूकाका

अठराचाकी, इथे जरा अडवतो. 18 फूट म्हणजे साडेपाच मीटर, 27 मेगाहर्ट्झची अर्धी तरंगलांबी, पण मोकळ्या हवेतली. केबलच्या आत सिग्नल हळू चालतो. भरीव प्लॅस्टिकच्या आरजी-58 मधे वेग हवेच्या दोन तृतीयांश, म्हणजे अर्धी तरंगलांबी 12 फुटांत संपते. फोमच्या केबलमधे साडेचौदा फुटांच्या आसपास. मग 18 चा मंत्र आतल्या सिग्नलला लागू कसा पडणार?

लांबी बदलल्यावर एसडब्ल्यूआर बदलत असेल, तर केबलची बाहेरची जाळी स्वतःच अँटेनासारखी वागतेय असं समजा. दोष अर्थिंगचा. अर्थिंग नीट असेल तर गाडीत जेवढी लागते तेवढी केबल टाका, दोन फूट जास्तीची.

अठराचाकी

काका, कागदावर बरोबर असेल. पण ज्यांचं अर्थिंग कच्चं असतं, अन् ट्रकमधे ते असतंच, त्यांना 18 फुटानं फरक पडतो. आपण बघितलेलं आहे.

विजूकाका

मग आपण दोघं एकच गोष्ट सांगतोय. कच्च्या अर्थिंगला 18 फुटांची मलमपट्टी. चालेल.

डोंगरवाट

तुमचं चालू द्या, तोवर मी जुनी केबल उसवली.

अँटेनाकडच्या टोकाला पीएल-259 कनेक्टरवर नुसती इन्सुलेशन टेप, तीही सुटून चिकट झालेली. कनेक्टर कापला तर जाळी तांब्याच्या रंगाची नाहीच. काळी, आणि बोटाने चोळली तर हिरवट भुकटी. वाटलं टोकापुरतं असेल, म्हणून वरचं काळं आवरण ब्लेडने चिरत गेलो. एक फूट, दोन फूट, तीन फूट, सगळीकडे काळीच. दाराच्या बिजागरीपाशी केबल चेपून चपटी झालेली आणि आवरणाला बारीक चीर. मिशिगनच्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, इथे कोलोरॅडोत मॅग्नेशियम क्लोराइड फवारतात. दोन्हींचं पाणी तिथून आत गेलं आणि जाळीच्या विणीतून वर चढत राहिलं. आतलं पांढरं प्लॅस्टिकही पिवळट-तपकिरी झालंय. रेडिओकडचं टोक मात्र लख्ख. रेडिओ काढून मागून बघणाऱ्याला काही म्हणजे काही संशय येणार नाही.

नवी आरजी-8एक्स केबल टाकली. बिजागरीपाशी सैल वळसा ठेवलाय, म्हणजे दार उघडताना ओढ बसणार नाही. अँटेनाकडच्या कनेक्टरला आपणच डाग दिला, त्यावर आपोआप एकजीव होणारी रबरी टेप, त्यावर साधी टेप, खालून वर गुंडाळलेली.

आणि आता गंमत. नव्या केबलवर एसडब्ल्यूआर: चॅनेल 1 वर 2.1, 19 वर 2.6, 40 वर 3.

चहाटळ

म्हणजे पैसे खर्च करून बिघडवलंत. अभिनंदन.

विजूकाका

अजिबात नाही, आता मीटर खरं बोलायला लागलं. आपला अंदाज 2.7 होता, 2.6 निघाला.

वरच्या चॅनेलला जास्त आणि खालच्याला कमी, म्हणजे अँटेना लांब पडतेय. उलट असतं तर आखूड म्हटलं असतं. टोकाला रबरी टोपीखाली ट्यूनिंगचा स्क्रू असेल, तो आत फिरवा, एका वेळी दोन-तीन आटे. उघड्या मैदानात गाडी उभी करा, भिंत किंवा दुसरी गाडी जवळ नको, दारं बंद, आणि अँटेनाजवळ माणूस उभा नको. दर वेळी 1, 19 आणि 40 तिन्ही मोजा. एकदा 1 आणि 40 सारखे आले की थांबा. आणखी खाली आणायचा मोह धरू नका, 1.5 आणि 1.2 मधला फरक समोरच्याच्या कानाला कधीच कळत नाही.

डोंगरवाट

स्क्रू जवळजवळ पूर्ण आत गेला. आता चॅनेल 1 वर 1.6, 19 वर 1.2, 40 वर 1.6. काकांनी सांगितलेली दरी दिसली एकदाची.

डेन्व्हरच्या पूर्वेला आय-70 महामार्गावर लायमनच्या पुढे सगळं सपाट आहे, तिथे तपासलं. चार मैलांपर्यंत शब्द न् शब्द, पाचव्या मैलाला खरखर सुरू. खिंडीत अर्थात वळण घेतलं की संपतं, पण तिथे सगळ्यांचंच संपतं.

रेडिओ तोच जुना!

केतकी_पिवळी

मस्त! सह्याद्रीत ताम्हिणी-वरंधच्या घाटात आमचा ग्रुप दोन-तीन गाड्या घेऊन जातो. भारतात हे वापरता येईल का?

विजूकाका

भारतात 26.957 ते 27.283 हा पट्टा लायसन्सशिवाय खुला आहे, पण 5 वॅटपर्यंत आणि सेटच्या अंगच्या अँटेनासह. म्हणजे टपावर अँटेना बसवून अमेरिकन पद्धतीने चालवायचा हा प्रकार त्यात बसत नाही. अमेरिकेचे 40 चॅनेलही त्या पट्ट्यात मावत नाहीत, 27.283 च्या वरचे बाहेर पडतात, त्यामुळे तिकडून सेट आणून लावू नका. घाटाच्या वळणांत हातातल्या सेटची 27 मेगाहर्ट्झची बुटकी अँटेना विशेष काही करणार नाही, हे माझं मत. एवढीच हौस असेल तर हॅमची परीक्षा द्या. अवघड नाही, आणि वय आड येत नाही.

डोंगरवाट

एक राहिलं. परवा दुपारी चॅनेल 19 वर जॉर्जिया आणि अलाबामाकडचे लोक धडाधड ऐकू येत होते, आणि अर्ध्या मैलावरचा आमचाच मित्र त्यात बुडत होता. नवी केबल जरा जास्तच चांगली निघाली की काय?

विजूकाका

हे सूर्याचं काम. सूर्यावरचे डाग जास्त असले की वातावरणाचा वरचा थर 27 मेगाहर्ट्झलाही जमिनीकडे वळवतो आणि हजारो किलोमीटरवरचे आवाज येतात. सध्याच्या सौरचक्राचा जोर 2024 च्या सुमारास शिगेला होता आणि उतरायला काही वर्षं जातात. तुमच्याकडे त्याला स्किप म्हणतात. पूर्वी सीबीवर 155.3 मैलांपलीकडे बोलायला बंदी होती, ती 2017 मधे काढली, तेव्हा गप्पा मारल्या तरी कोणी पकडणार नाही. ताफ्यासाठी मात्र अशा दुपारी 19 सोडून एखादा रिकामा चॅनेल ठरवून घ्या. आणि 9 नको, तो आणीबाणीसाठी राखीव आहे.

अठराचाकी

काका, आता माझं बघा. ट्रकला दोन्ही आरशांवर एकेक अँटेना, दोन्ही एकाच रेडिओला. मधे डावीकडची केबल तुटली होती, तर रस्त्यातल्या एका दुकानात बदलून घेतली. तेव्हापासून एसडब्ल्यूआर 2 च्या खाली येत नाही. दोन्हीकडचे स्क्रू फिरवून थकलो.

विजूकाका

जोडअँटेनात प्रत्येक पायाला 75 ओहमची केबल लागते, साधी 50 ची नाही. त्या केबलची लांबी मोजून ठेवलेली असते. 50 ओहमची अँटेना तिच्यातून पलीकडे साधारण 112 दिसते, असे दोन समांतर जोडले की 56, आणि रेडिओ खूश. एका पायाला 50 ची केबल लागली असेल तर हे गणितच मोडतं, शिवाय दोन्ही अँटेना एका तालात राहत नाहीत. मग स्क्रू फिरवून काही होणार नाही.

केबलवरचा छापा वाचा. दोन्हीकडे आरजी-59 (75 ओहमची) पाहिजे. डावीकडे आरजी-58 निघाली तर बाकी काही मोजत बसू नका, दोन्ही पाय एकत्र बदला, तयार हार्नेस (जोडलेल्या दोन्ही केबलींचा संच) मिळतो. आणि स्क्रू दोन्हीकडे सारखेच फिरवायचे असतात, एकाच बाजूचा नाही.

अठराचाकी

उजवीकडे 59 छापलेलं आहे. डावीकडचा छापा पुसला आहे, पण केबल उजवीपेक्षा चांगलीच बारीक दिसते. शनिवारी घरी पोचलो की दोन्ही उघडून फोटो टाकतो.

विजूकाका

बारीक आहे म्हणता, म्हणजे बहुधा 58 च असणार. हार्नेस आजच मागवून ठेवा.